मावशींचं ध्यान आणि एका शब्दाचा इतिहास



कर्ज, हप्ता, शेळीचा विमा, हे आपलं दर आठवड्याचं बोलणं. आज जरा वेगळा विषय घेतलाय. आज एका शब्दाबद्दल बोलायचंय. शब्द आहे ‘ध्यान’.

हा विषय सुचला माझ्याच एका चुकीमुळं. २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनं २०२४ साली तसा ठराव केला आणि त्याच वर्षी तो पहिल्यांदा पाळला गेला. मी ठरवलं, आपल्या गटाच्या बैठकीत दहा मिनिटं ध्यान घेऊ. एका प्रशिक्षणात मिळालेला कागद माझ्याकडं होता. देवळाच्या सभामंडपात बारा जणी बसल्या होत्या. मी कागद वाचत गेले. डोळे मिटा. मन कोरं करा. कुठलाही विचार मनात आणू नका.

दहा मिनिटं झाली. सगळ्या म्हणाल्या, छान वाटलं. मग बैठक सुरू झाली, तर सचिव ताई वही घरीच विसरून आलेल्या. तेव्हा आमच्यातल्या एक मावशी पुढं सरकल्या. वय साठीच्या पुढं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांनी बारा जणींचं अंतर्गत कर्ज तोंडी सांगितलं. कुणाचे किती राहिले, कुणाचा हप्ता चुकला, कुणी मागच्या महिन्यात जादा भरले. नंतर मी वहीशी ताळा करून पाहिला. एक रुपयाही इकडचा तिकडं नव्हता.

बैठक संपल्यावर सतरंजीची घडी घालताना त्याच मावशी मला हळूच म्हणाल्या, “ताई, माझं काही ध्यान लागत नाही. डोळं मिटलं की म्हशीचं दुखणं दिसतं, नातवाची फी दिसते. हे आमच्यासारखीचं कामच नव्हं. काहीतरी पाप असंल पदरात.”

मी त्यांना म्हटलं, “असं नसतं मावशी.” पण पुढं बोलायला माझ्याकडं काही नव्हतं. बी.ए. झालेली मी, पण ध्यान म्हणजे नेमकं काय, हा शब्द आला कुठून, ते मला सांगता येईना. त्या रात्री मला चुटपुट लागून राहिली. ज्या बाईला बारा घरांचा हिशोब ध्यानात राहतो, तिलाच मी ‘माझं ध्यान लागत नाही’ असं म्हणायला लावलं होतं. मग मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढं मांडते.

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. आपण दिवसातनं किती वेळा हा शब्द वापरतो बघा. ‘ध्यानात ठेव गं, येताना मीठ आण.’ ‘आत्ता आलं माझ्या ध्यानात.’ ‘ध्यानीमनी नसताना पाहुणे आले.’ पोरगं केस विस्कटून, उलटा सदरा घालून आलं की म्हणतो, ‘काय हे ध्यान!’ पाण्यात एका पायावर उभा राहणारा बगळा मासा दिसेपर्यंत डोळे मिटल्यासारखा असतो, म्हणून ढोंग्याच्या साधेपणाला बकध्यान म्हणतात. हिंदीत निरोप देताना ‘अपना ध्यान रखना’ म्हणतात, म्हणजे स्वतःची काळजी घे. यातल्या एकाही ठिकाणी मन रिकामं करायचं नाहीये. उलट मनात काहीतरी धरून ठेवायचंय.

हा घरगुती अर्थ म्हणजे मूळ अर्थाची मोडतोड असेल, असं मला आधी वाटलं. पण तसं नाही. संस्कृतात ‘ध्यै’ असा एक धातू आहे. धातू म्हणजे क्रियापदाचं मूळ. त्याच्यापासून ध्यान हा शब्द झाला. पाणिनीच्या व्याकरणाबरोबर धातुपाठ नावाची धातूंची यादी चालत आलेली आहे. त्यात ‘ध्यै’चा अर्थ एकाच शब्दात दिलाय, आणि तो शब्द आहे ‘चिंता’. ऐकून दचकायला होतं. संस्कृतात चिंता म्हणजे विचार करणं, एखादी गोष्ट मनात घोळवणं. आपल्या मराठीत येता येता तिचा अर्थ घोर लावून घेणं असा झाला. म्हणजे आपण ज्याला ध्यानाचा शत्रू समजतो, ती चिंता मुळात ध्यानाची सख्खी बहीण आहे.

‘काळजी’ या शब्दाचंही असंच आहे. काळजी करणं वेगळं आणि काळजी घेणं वेगळं. शब्द एकच. करत बसलं की मन गरगर फिरतं, घेतली की हात कामाला लागतात. चिंता आणि ध्यान यांच्यात साधारण एवढंच अंतर आहे. विचार दोन्हीकडं असतो. एकीकडं तो घाण्याच्या बैलासारखा फिरतो, दुसरीकडं तो एका जागी टिकतो.

आता थोडं मागं जाऊ. बृहदारण्यक उपनिषदात मैत्रेयीची गोष्ट आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आणि दोन बायकांमध्ये संपत्तीची वाटणी करू लागले. तेव्हा मैत्रेयीनं विचारलं की या धनानं मी अमर होणार आहे का? तो नाही म्हणाला, तेव्हा तिनं धनाऐवजी ज्ञान मागितलं. मग याज्ञवल्क्यांनी तिला रीत सांगितली. आधी ऐकायचं, मग त्यावर विचार करायचा, मग ते मनात सतत धरून ठेवायचं. यालाच श्रवण, मनन आणि निदिध्यासन म्हणतात. ‘निदिध्यास’ हा शब्द तिथला, आणि आपल्या बोलण्यातला ‘ध्यास’ही त्याच कुळातला. ‘पोरीला शिकवायचंच, असा तिनं ध्यास घेतलाय’ असं आपण म्हणतो, तेव्हा मैत्रेयीला सांगितलेलाच शब्द वापरत असतो. आणि हे सगळं सांगितलं गेलं ते एका बाईला, तिनं प्रश्न विचारला म्हणून.

दुसरी गोष्ट छांदोग्य उपनिषदातली. नारद सनत्कुमारांकडं येतो आणि म्हणतो, मी पुष्कळ शिकलो, पण माझं दुःख जात नाही. सनत्कुमार त्याला एकेक पायरी चढवत नेतात. नाव, वाणी, मन, संकल्प, चित्त आणि मग ध्यान. ध्यान कसं असतं हे सांगताना ते म्हणतात की ही पृथ्वी जणू ध्यान करतेय, पाणी जणू ध्यान करतंय, डोंगर जणू ध्यान करताहेत. ज्यांच्या वाट्याला ध्यानाचा थोडासा अंश आला, ती माणसं मोठी होतात, आणि क्षुद्र माणसं भांडत, चहाड्या करत बसतात. आपल्या काही बैठका आठवून मला हसू आलं.

पण ती शिडी ध्यानापाशी संपत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. ध्यानाच्या वर विज्ञान, त्याच्या वर बळ, आणि बळाच्या वर अन्न. अन्नाच्या वर पाणी. सनत्कुमार सांगतात की दहा दिवस जेवला नाही, तर माणूस जगला तरी त्याची समज चालत नाही. म्हणजे ज्यांनी ध्यानाचा एवढा गौरव केला, त्यांनीच भाकरीची पायरी त्याच्या वर ठेवली. उपाशी बाईला ‘डोळे मिटून शांत बस’ म्हणणारा माणूस त्या उपनिषदालाही मान्य झाला नसता.

यानंतर हा शब्द गौतम बुद्धांच्या परंपरेत जातो. तिथं भाषा पाली, आणि पालीत ध्यानाचं ‘झान’ होतं. हा बदल आपल्याला नवा नाही. संस्कृतातला ‘ध्य’ बोलींमध्ये ‘झ’ किंवा ‘ज’कडं झुकतो. संध्याची सांज झाली ती अशीच. मध्यचं मज्झ झालं आणि घराच्या मधल्या खोलीला आपण माजघर म्हणू लागलो. त्याच वाटेनं ध्यानाचं झान झालं.

बुद्धांच्या लहानपणीची एक आठवण पाली ग्रंथांत आहे. वडील शेताच्या कामात होते आणि मुलगा जांभळीच्या गार सावलीत बसला होता. तिथं बसल्या बसल्या त्याला पहिलं ध्यान लागलं. पुढं कितीतरी वर्षं उपासतापास करून शरीर झिजवल्यावर त्यांना ही आठवण आली, आणि त्यांनी तो छळाचा मार्ग सोडला. बौद्ध ग्रंथांत ध्यानाच्या चार पायऱ्या सांगितल्यात. पहिल्या पायरीत काय काय असतं, त्याची यादी आहे, आणि त्या यादीत वितर्क आणि विचार आहेत. विचार थांबतात ते दुसऱ्या पायरीवर. मी मात्र बारा जणींना पहिल्याच दिवशी, पहिल्याच मिनिटाला ‘विचार आणू नका’ म्हणून मोकळी झाले होते!

बुद्धांच्या संघात भिक्खुणी होत्या. त्यांच्या रचनांचा ‘थेरीगाथा’ नावाचा संग्रह पालीत आहे. बायकांनी रचलेल्या जगातल्या फार जुन्या काव्यसंग्रहांपैकी तो एक. त्यात पटाचारा आहे. परंपरा सांगते की तिनं नवरा, दोन्ही मुलं, आईबाप, सगळं एकापाठोपाठ एक गमावलं आणि ती वेडीपिशी झाली. पुढं ती भिक्खुणी झाली. एके दिवशी पाय धुताना ओतलेलं पाणी उताराकडं वाहताना तिनं पाहिलं आणि तिचं मन तिथं ठरलं. नंतर खोलीत जाऊन तिनं दिव्याची वात सुईनं खाली ओढली, दिवा विझला, आणि तिचं मन मोकळं झालं. दुसऱ्या एका भिक्खुणीची गोष्ट जुन्या टीकेत येते. ती गृहिणी असताना चुलीवरची भाजी एकदम जाळ लागून करपली, आणि ते बघता बघता, काहीच टिकत नाही, हे तिला कळलं. पाय धुणं, वात सारणं, भाजी करपणं. या बायकांचं ध्यान असं घरकामातल्या गोष्टींवर लागलं, आणि डोळे उघडे असताना लागलं.

आपल्या महाराष्ट्रात या परंपरेच्या खुणा डोंगराडोंगरांत आहेत. भाजे, कार्ले, कान्हेरी, कुडे, अजिंठा. तिथल्या विहारांत भिक्खूंसाठी खोदलेल्या छोट्या खोल्या आपण सहलीला गेलो की बघतो. कान्हेरीच्या आणि कुड्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांत बायकांचीही नावं आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या त्या बायका. त्यांनी आपल्या हातच्या पैशातून दगडात जागा करून दिली.

याच परंपरेतला आणखी एक शब्द सांगते. हल्ली शहरात ‘माइंडफुलनेस’चे वर्ग असतात. हा इंग्रजी शब्द ऱ्हिस डेव्हिड्स नावाच्या अभ्यासकानं १८८१ साली पाली ‘सति’ या शब्दासाठी वापरला आणि तो रुळला. सति म्हणजे संस्कृतातली स्मृती, आठवण, जागेपण. आता त्याच स्मृतीचं मराठीत घासून घासून काय झालं माहितीय? ‘सय’. ‘माहेरची सय येते’ म्हणतो, ती सय. आपल्या आज्ज्यांच्या तोंडचा हा शब्द आणि वर्गातला तो महागडा शब्द, दोघांचं मूळ एकच आहे.

झान हा शब्द पुढं चीनमध्ये गेला. तिथल्या लोकांनी तो ‘चान-ना’ असा लिहून घेतला आणि मग नुसतं ‘चान’ म्हणू लागले. चीनमधून तो कोरियात जाऊन ‘सॉन’ झाला, व्हिएतनाममध्ये ‘थिएन’ झाला, जपानमध्ये ‘झेन’ झाला. जपानमध्ये एइसाई नावाचा भिक्षू ११९१ साली चीनमधून परतला आणि डोगेन १२२७ साली, त्यानंतर तिथं झेन पसरलं. आपला ‘ध्यानात ठेव’मधला ध्यान आणि जपानचं झेन हा एकच शब्द आहे.

चीनमधल्या बायझांग नावाच्या गुरूची एक गोष्ट सांगतात. तांग राजवटीच्या काळातले हे गुरू. म्हातारपणीही ते रोज शेतात काम करायचे. शिष्यांना दया आली आणि त्यांनी गुरूची अवजारं लपवून ठेवली. काम केलं नाही, तर जेवायचं कशाला, म्हणून गुरू त्या दिवशी जेवलेच नाहीत. शेवटी शिष्यांना अवजारं परत द्यावी लागली. त्यांच्या मठात ध्यान आणि खुरपणी यांचं भांडण नव्हतं.

इकडं आपल्याकडं पतंजलींच्या योगसूत्रांत ध्यानाला नेमकी जागा मिळाली. योगाची आठ अंगं आहेत. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. धारणा म्हणजे मन एका ठिकाणी ठेवणं, आणि तिथंच ते अखंड वाहत राहिलं की ध्यान. तेलाची धार कशी न तुटता पडते, तसं, असा दाखला परंपरेत देतात. चित्ताच्या हालचाली थांबवणं हे योगाचं ध्येय आहे, हे पतंजलींनी सुरुवातीलाच सांगितलंय, त्यामुळं मन शांत होणं ही गोष्ट खोटी नाही. पण ध्यानाचा नंबर सातवा आहे. पहिला नंबर यमांचा, आणि यमांत पहिली अहिंसा, मग सत्य, मग चोरी न करणं. ज्या घरात बाईवर हात उचलला जातो, त्या घरात पहिली पायरीच मोडलेली असते. तिथं सातव्या पायरीच्या गप्पा मारून कसं चालेल?

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाचं वर्णन आहे. फार खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि अजिबात न झोपणाऱ्याला हा योग साधत नाही, असं कृष्ण तिथं सांगतो. हे सगळं ऐकून घेतल्यावर अर्जुन काय म्हणतो? तो म्हणतो की मन फार चंचल आहे, त्याला आवरणं म्हणजे वाऱ्याला धरण्याइतकं अवघड आहे. मावशींनी सतरंजीची घडी घालताना हेच तर सांगितलं होतं! कृष्ण त्याला पापी म्हणत नाही. तो कबूल करतो की हे अवघड आहे, आणि सांगतो की अभ्यासानं आणि वैराग्यानं जमतं. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं.

हीच गीता ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, मराठीत आणली. संस्कृतात अडकलेलं ज्ञान बायाबापड्यांच्या भाषेत आलं. ज्ञानेश्वर श्रोत्यांकडं पुन्हा पुन्हा ‘अवधान’ मागतात, म्हणजे मन इकडं ठेवा, एवढंच मागणं. वारकऱ्यांच्या बोलण्यात तर ध्यान शब्दाला आणखी एक अर्थ आला. ज्याचं ध्यान करायचं, ते रूपच ध्यान झालं. विटेवर उभ्या विठ्ठलाच्या रूपाला तुकोबांनी ध्यान म्हटलंय, तो अभंग आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मला वाटतं, पोराचा अवतार बघून ‘काय हे ध्यान’ म्हणतो, ती याच अर्थाची थट्टा असावी.

आणि मुक्ताई. परंपरेत सांगतात की लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानेश्वर झोपडीत गेले आणि दाराची ताटी लावून बसले. तेव्हा धाकट्या बहिणीनं, मुक्ताबाईनं, बाहेर उभं राहून त्यांना समजावलं आणि ताटी उघडायला लावली. तेच ताटीचे अभंग. दार लावून आत बसणं म्हणजे ध्यान, असं वाटायला लागलं की मला ही बहीण आठवते.

आता इंग्रजी शब्दाकडं वळू, कारण आज पुष्कळ जणी ‘मेडिटेशन’च म्हणतात. हा शब्द लॅटिनमधला, म्हणजे जुन्या रोमन लोकांच्या भाषेतला. त्याचं मूळ क्रियापद ‘मेडिटारी’. अर्थ आहे मनात घोळवणं, आणि दुसरा अर्थ सराव करणं. रोममध्ये भाषणाची तालीम करण्यालाही हाच शब्द होता. व्हर्जिल या रोमन कवीनं झाडाखाली बसून पावा वाजवणाऱ्या गुराख्यासाठी हेच क्रियापद वापरलंय. भाषातज्ज्ञ सांगतात की औषध या अर्थाचा ‘मेडिसिन’ शब्दही याच घराण्यातला आहे, आणि त्या घराण्याचं सगळ्यात जुनं मूळ माप घेणं, योग्य तो उपाय करणं, असं आहे.

पुढं बायबल लॅटिनमध्ये आलं, तेव्हा हिब्रू भाषेतल्या एका शब्दासाठी ‘मेडिटारी’ योजलं गेलं. त्या हिब्रू शब्दाचा अर्थ पुटपुटणं, आणि पारव्याचं घुमणंही. जुने ख्रिस्ती साधू धर्मग्रंथ ओठ हलवत, हळू आवाजात म्हणत राहायचे, ते त्यांचं मेडिटेशन. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठाधिपतीनं साधूंसाठी चार पायऱ्यांची शिडी सांगितली. वाचन, मेडिटेशन, प्रार्थना आणि शेवटी निःशब्द दर्शन. त्याचा दाखला जेवणाचा आहे. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मेडिटेशन म्हणजे तो चावणं. इतर साधूंनी गाईच्या रवंथाचाही दाखला दिलाय. गोठ्यात संध्याकाळी गाय रवंथ करत बसते, ते चित्र आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. १६४१ साली देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं आपल्या ग्रंथाच्या नावात ‘मेडिटेशन्स’ हा शब्द घातला. त्या ग्रंथात तर पानोपानी विचारच विचार आहे.

म्हणजे बघा, दोन शब्द, दोन टोकाच्या मुलखांतले. एक ध्यान, एक मेडिटेशन. दोघांचाही मूळ अर्थ एखादी गोष्ट मनात धरून ठेवणं, घोळवणं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रज अभ्यासक संस्कृत ग्रंथ आपल्या भाषेत नेऊ लागले, तेव्हा हे दोन शब्द समोरासमोर आले. मोनियर विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात ध्यानासमोर पहिलाच प्रतिशब्द मेडिटेशन आहे. स्वामी विवेकानंद १८९३ साली शिकागोला गेले आणि त्यानंतर अमेरिकेत योगाबद्दल बोलत राहिले. १९६८ साली बीटल्स हे गाणारे तरुण ऋषिकेशला महर्षी महेश योगींकडं आले आणि जगभर बोभाटा झाला. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात शिकून १९६९ साली भारतात आले. १९७६ पासून आपल्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला विपश्यनेची शिबिरं सुरू झाली. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी एका वैद्यकीय महाविद्यालयात आजारी माणसांसाठी वर्ग काढला, तिथून हा विषय दवाखान्यात आला.

या प्रवासात शब्द मोठा झाला, पण त्याचा अर्थ बारीक होत गेला. आज ध्यान म्हटलं की डोळ्यांपुढं येते ती चटई, मिटलेले डोळे आणि शांत चेहऱ्याची बाई. तेवढाच अर्थ उरला, तर जिला वेळ नाही, चटई नाही, शांत खोली नाही, तिला वाटणारच की हे माझ्यासाठी नाही. आणि दुसरा धोका त्याहून मोठा. बाईनं काही सांगितलं की लगेच ‘ध्यान कर, बरं वाटेल’ म्हणायची सवय लागते. खासगी वसुलीवाला दारात येऊन अपमान करतो, त्यावर ध्यान हा उपाय नाही. त्यावर गटाची बैठक, हिशोब आणि गरज पडली तर तक्रार हा उपाय आहे. घरात मारहाण होत असेल, तर १८१ हा महिला मदत क्रमांक आहे. रात्र रात्र झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन लावा, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. आणि डोळे मिटले की कुणाला जुनं भय पुढं येत असेल, तर तिनं डोळे मिटूच नयेत. पटाचारेचे डोळे उघडेच होते.

पुढच्या बैठकीत मी तो कागद नेला नाही. मावशींच्या शेजारी बसले आणि हे सगळं थोडक्यात सांगितलं. अर्जुनाचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. “अर्जुनाचं बी लागत नव्हतं व्हय?” म्हणाल्या. मग मी विचारलं, “मावशी, बारा जणींचा हिशोब तुम्ही ध्यानात कसा ठेवता?” त्या म्हणाल्या, “रात्री धारा काढताना एकेकीचं तोंड पुढं आणते. तिचं घर, तिचं दुखणं, तिचं पैसं. मग दुसरीचं. चुकलं की परत पहिलीपासनं.”

मैत्रिणींनो, ऐकणं, घोळवणं, धरून ठेवणं आणि चुकलं की परत पहिल्यापासून. मैत्रेयीला हेच सांगितलं होतं, आणि अर्जुनालाही. मावशी ते रोज संध्याकाळी गोठ्यात करतात. याला ध्यान म्हणायला माझी काही हरकत नाही, आणि त्या शब्दाच्या इतिहासाचीही नाही.

आता आमच्या बैठकीत सुरुवातीची पाच मिनिटं आम्ही गप्प बसतो. डोळे ज्यांना मिटायचेत त्यांनी मिटावेत. विचार आले तर येऊ द्यावेत. फक्त त्यातला एक धरावा आणि त्याच्याशी पाच मिनिटं राहावं. मग बैठकीत बोलायचं काय ते सापडतं. गेल्या महिन्यात त्या पाच मिनिटांनंतर मावशींनी पहिल्यांदा स्वतःसाठी कर्ज मागितलं. म्हशीच्या औषधाला. गटानं ते मंजूर केलं.

आज इथंच थांबते. नमस्कार.